बारा जोड बरगड्या

हॅलोवीनबद्दल माझं मत पक्कं होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. बॉस्टनच्या पश्चिमेला फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथे मला राहून बरीच वर्षं झाली. सप्टेंबर सरत आला की घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे येतात, दाराच्या खांबांना मक्याची वाळलेली ताटं बांधली जातात. इथवर मला सगळं आवडायचं. मग अंगणात थर्माकोलची थडगी उभी राहायची, मातीतून प्लॅस्टिकचे हात वर यायचे, झाडाच्या फांदीला सांगाडा लटकायचा. तिथून जाताना मी नजर वळवायचे. मराठी मंडळात चार बायका भेटल्या की म्हणायचे, "यांना मरणाचंसुद्धा काही नाही. दुकानदारांनी वाढवलेला सण. आपल्या पोरांनी यातून काय घ्यायचं?" बायका माना डोलवायच्या आणि मला बरं वाटायचं.

दुसरं मत हाताने केलेल्या कार्डांबद्दल होतं, आणि ते मी फारसं बोलून दाखवत नसे, कारण त्यात उघड तुच्छता होती. आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त ग्रंथपाल बाई राहतात. ऑगस्ट संपायच्या आतच त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जाड कागदांच्या चळती, शाईचे ठसे, नाना आकारांच्या कात्र्या येतात. ऑक्टोबरमध्ये गल्लीतल्या प्रत्येक घराच्या टपालपेटीत त्यांचं एक पाकीट पडतं. एखाद्या वर्षी मेपलची पानं, एखाद्या वर्षी खिडकीत बसलेलं काळं मांजर, एखाद्या वर्षी एकामागे एक तीन कागदी थरांतून दिसणारं जंगल आणि त्यात चंद्र. मी ते फ्रिजवर लावायचे आणि नोव्हेंबरात रद्दीत टाकायचे. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त असलेल्यांचा हा विरंगुळा, असं माझं मत. शाळेत आम्हाला कार्यानुभवाचा तास असायचा, तेव्हासुद्धा मी त्या तासाला गणितं सोडवत बसायचे.

या दोन मतांना तडा कसा गेला, ते सांगायचं आहे. त्याआधी बाबांबद्दल सांगावं लागेल.

बाबा ऑगस्ट २०२४ मध्ये सावंतवाडीला वारले. मी एकटीच धावत गेले. लेक तेव्हा पहिलीत जाणार होती. तिला नवऱ्याजवळ ठेवलं. तिकिटं, शाळा, लांबचा प्रवास, इतक्या लहान मुलाने कशाला बघायचं, ही सगळी कारणं मी सगळ्यांना दिली आणि ती खोटी नव्हती. खरं कारण आणखी एक होतं. तिथे तिने काही विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

परत आले तेव्हा तिला जवळ घेऊन सांगितलं की आबा देवाघरी गेले. तिने विचारलं, "परत कधी येणार?" मी म्हटलं, "तिथून परत येत नाहीत." मग तिने विचारलं, "म्हणजे आता ते कुठे असतात?" मी म्हटलं, "सांगितलं ना, देवाघरी." त्यानंतर तिने विचारलं नाही. मूल गप्प झालं की आईबापांना वाटतं, त्याला कळलं. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. पितृपक्ष आला. सर्वपित्री २ ऑक्टोबरला होती. मी बाबांच्या आवडीचं केलं, मागच्या डेकवर कावळ्यासाठी पान ठेवलं. ती दाराच्या काचेला नाक लावून बघत होती. "हे कुणाला?" म्हणाली. मी म्हटलं, "पद्धत असते." आज ते वाक्य आठवलं की स्वतःचा राग येतो. एका सहा वर्षांच्या मुलीने मला दार उघडून दिलं होतं आणि मी ते तिच्या तोंडावर लावलं.

इथे माझ्या कामाचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात पूर्ण उंचीचा सांगाडा उभा असतो. खुबा बदललेल्या पेशंटला समजावताना मी त्याच सांगाड्याचा पाय धरून फिरवून दाखवते. हाडांची मला भीती नाही, किळस नाही. तरीही शेजारच्या अंगणातला सांगाडा मला अभद्र वाटायचा. दवाखान्यातला सांगाडा कुणाचाच नसतो, म्हणून तो चालायचा. अंगणातला मात्र सणासुदीला, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभा राहून आठवण करून देत होता, आणि त्या वर्षी मला ती नको होती. त्या नकोसेपणाला मी संस्कृतीचं नाव दिलं.

त्या ऑक्टोबरात समोरच्या बाईंनी गल्लीतल्या मुलांना शनिवारी दुपारी कार्डं आणि कागदकाम करायला बोलावलं. मी लेकीला पाठवणार नव्हते. कारण म्हणून सांगितलं की आपल्याकडे यंदा सण नाहीत. नवऱ्याने माझं ऐकून घेतलं आणि मी बाजारात गेले असताना तिला सोडून आला. मी चिडून आणायला गेले. दारातच मनाशी ठरवलं होतं की बूट घालायला सांगायचं आणि निघायचं.

टेबलाभोवती पाच-सहा मुलं होती. मधोमध काळ्या आणि नारिंगी जाड कागदांचे तुकडे, डिंकाच्या कांड्या, एका खोक्यात पितळी ब्रॅड. ब्रॅड म्हणजे दोन पायांची पिन. भोकातून घालायची आणि मागे तिचे पाय फाकवायचे, की जोडलेले दोन तुकडे हलते राहतात. मुलं हलते सांगाडे करत होती. कार्डाच्या घडीत बसतील एवढे छोटे. माझ्या लेकीच्या सांगाड्याला एका बाजूला पाच बरगड्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला चार. खांद्यापासून एकच हाड निघून थेट पंजाला चिकटलं होतं. गुडघा नव्हता.

मी बसले ती त्या चुका बघवल्या नाहीत म्हणून. प्रेमाने किंवा समजुतीने बसले असं म्हणायला मला आवडलं असतं. कोट अंगावर तसाच होता. "अगं, बरगड्या बारा जोड्या असतात," मी म्हटलं आणि पांढरा कागद ओढला. कागद मधे दुमडून घडीच्या बाजूने अर्धगोल कापत गेलं की दोन्हीकडच्या बरगड्या एकदम निघतात आणि सारख्या येतात. तिला ते करून दाखवलं. खालच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, त्या तोकड्या ठेवायच्या. मग हात. कोपराच्या खाली दोन हाडं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. कोपर एकाच दिशेला वाकतो, खांदा सगळीकडे फिरतो. ब्रॅडने दोन्ही सारखेच फिरतात, तर कोपर उलटा वाकू नये म्हणून मी मागे कागदाची एक छोटी पट्टी अडसर म्हणून चिकटवली. लेकीने ती तीनदा हलवून पाहिली. समोरच्या बाई चष्म्यावरून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, फक्त ब्रॅडचं खोकं आमच्याकडे सरकवलं.

मग आम्ही खुब्याशी आलो. कंबरेचा तुकडा कापून झाला होता. मी मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल कापत होते. म्हटलं, "इथे हे हाड चेंडूसारखं गोल असतं आणि कंबरेच्या वाटीत बसतं. म्हणून आपण मांडी घालून बसू शकतो."

ती भोक पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "आबांचं पण असंच होतं?"

"हो."

"आता ते कुठेय?"

मी कात्री चालवत राहिले. थांबले असते तर पुन्हा तेच देवाघरचं उत्तर दिलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझे हात कामात होते आणि तिचेही. दोघींचे डोळे त्या पांढऱ्या तुकड्यावर होते. भोवती सगळे इंग्रजीत बोलत होते आणि आमचं मराठी तिथे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे भर माणसांत आम्ही एकट्या होतो. मी सांगितलं की आबांना अग्नी दिला. शरीर जळून जातं, पण हाडांचे काही तुकडे मागे राहतात. त्यांना अस्थी म्हणतात. मामा तिसऱ्या दिवशी सावडायला गेला, म्हणजे ते तुकडे गोळा करायला गेला. ते तांब्याच्या कलशात ठेवले, तोंडाला फडकं बांधलं आणि कलश घराबाहेर झाडाला टांगून ठेवला, कारण तो घरात आणत नाहीत. मग आम्ही तेरेखोलच्या खाडीवर गेलो.

"गरम होते?"

"नाही. आधी पाणी आणि दूध शिंपडून शांत करतात."

"तू पाहिलेस?"

इथे मला तिला जे सांगावं लागलं ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. भावाने फडकं सोडलं तेव्हा मी शेजारी उभी होते. बाकीच्यांना ते पांढरट, राखाडी तुकडे दिसले असतील. मला वरच अर्धा गोल तुकडा दिसला आणि मी तो ओळखला. तो मांडीच्या हाडाचा माथा होता. रोज पेशंटना दाखवते तोच. बाबांचा. शेवटची दोन वर्षं ते खुबा दुखतो म्हणायचे आणि मी फोनवरून व्यायाम सांगायचे. मी भावाला काही बोलले नाही, आईला नाही, नवऱ्याला नाही. रात्री डोळे मिटले की तो तुकडा दिसायचा. वाटायचं, अशी गोष्ट ओळखू येणं हेच काहीतरी वाईट आहे.

लेकीला म्हटलं, "हो. हाच भाग पाहिला. हा गोल."

ती थांबली. माझ्या हातातला कागदाचा तुकडा घेतला, बोटांत फिरवला. "मग तो पाण्यात सोडला?"

"हो."

"मासे खातात?"

"कदाचित नाही. झिजून वाळूत मिसळतो."

"तू रडलीस?"

"तिथे नाही रडले. विमानात रडले."

"मी नव्हते ना," ती म्हणाली. त्यात तक्रार होती, आणि ती रास्त होती. मी म्हटलं, "तुला न्यायला हवं होतं." तिने मांडी कंबरेला लावली, ब्रॅड आरपार घातली आणि मागचे पाय फाकवायला माझ्याकडे दिले, कारण तिच्या नखांना ते जमत नव्हतं. मग दुसऱ्या पायाच्या वेळी तिने विचारलं की कावळ्याचं पान आबांसाठी होतं का. मी हो म्हटलं. 'ब्लू जे' नावाचा निळा पक्षी आला होता, कावळा नव्हे, हे तिने पाहिलं होतं आणि तो चालतो का, ही शंका तिला तेव्हापासून होती.

हे सगळं फार तर अर्ध्या तासात झालं असेल. मी कित्येकदा त्या अर्ध्या तासाचा विचार केला आहे. इतके आठवडे जे घरात, झोपताना, गाडीत, देवासमोर बोलता आलं नाही ते तिथे का आलं? कामावर मी हे रोज बघते आणि तरी मला ते माझ्या घराला लागू करता आलं नव्हतं. दुखरा खांदा मी हलवत असते तेव्हा पेशंट छताकडे बघत बोलायला लागतो. बायको गेल्याचं सांगतो, मुलाशी अबोला असल्याचं सांगतो. समोरासमोर खुर्चीत बसून विचारलं असतं तर तोच माणूस म्हणाला असता, सगळं ठीक आहे. शरीर एखाद्या संथ, मोजक्या कामात गुंतलेलं असलं आणि कुणी तोंडाकडे टक लावून बघत नसलं की माणूस बोलतो. कात्री, भोक, ब्रॅड, पुन्हा भोक. आम्हाला एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघायची गरज नव्हती. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं ते टेबलावर पडलं होतं, हातात मावेल एवढं, चुकलं तर पुन्हा कापता येईल असं.

मी ज्याला मरणाची चेष्टा म्हणत होते, तिने माझ्या मुलीला मरणाबद्दल पहिला खरा प्रश्न विचारू दिला. आणि ज्याला मी पावित्र्य म्हणत होते, त्याने तिला गप्प केलं होतं. हे मला मान्य करायला जड गेलं. आजही जातं.

त्यानंतर मी समोरच्या बाईंकडे एकटीही जाऊ लागले. सुरुवातीला त्यांचे आभार मानायला, मग शिकायला. जाड कागदाला दिशा असते हे मला त्यांनी दाखवलं. कागद त्या दिशेने दुमडला तर घडी स्वच्छ पडते, आडवा दुमडला तर कडेला तडे जातात. म्हणून कापायच्या आधी कागद दोन्हीकडून हलकासा वाकवून कुठे कमी अडतो ते बघायचं. घडी घालण्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. पानाचा ठसा काढायचा तर पान उलटं ठेवायचं, शिरा वर, त्यावर कागद ठेवायचा आणि मेणखडू आडवा धरून चालवायचा. मेपलचं लाल पान दोन मेणकागदांत ठेवून वरून फडक्याआडून इस्त्री फिरवली की रंग बरेच दिवस टिकतो, पण कायमचा नाही. त्या म्हणतात, कार्डावर तारीख घाला, म्हणजे पान तपकिरी झालं तरी कळेल की पाठवलं तेव्हा लाल होतं.

त्यांनीच मला माझ्याच गावाची गोष्ट सांगितली. रोज कामाला जाताना मी लाल विटांच्या जुन्या कारखान्याच्या इमारतींवरून जाते. तो डेनिसन कंपनीचा कारखाना. १८४४ मध्ये मेन राज्यात दागिन्यांच्या डब्या करत सुरू झालेली ही कंपनी पुढे फ्रॅमिंगहॅमला आली. चिठ्ठ्या, लेबलं आणि क्रेप कागद यांसाठी तिचं नाव झालं. १९०९ मध्ये तिने 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली, आणि पुढे वर्षानुवर्षं तिचे नवे अंक निघत राहिले. हॅलोवीनला क्रेप कागदाचे पोशाख कसे शिवायचे, टेबल कसं सजवायचं, आमंत्रणं कशी कापायची, कुठले खेळ घ्यायचे, सगळं चित्रांसकट. कागद खपवण्यासाठीच ती काढली होती, यात शंका नाही. दुकानदारांनी वाढवलेला सण, हे माझं वाक्य तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पण त्या पुस्तिका उघडून बघताना दिसतं ते असं की दुकानाने विकला होता साधा कागद, आणि बाकीचं काम घरातल्या माणसांच्या हातांवर सोडलं होतं. माझा आक्षेप आता वेगळ्या जागी आहे. तयार प्लॅस्टिकचा तुटका हात मला आजही नकोसा वाटतो. तो कुणालाच काही करू देत नाही.

त्याच काळातली पोस्टकार्डंही त्यांनी दाखवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात अमेरिकेत हॅलोवीनची पोस्टकार्डं मोप खपत, त्यातली बरीच जर्मनीत छापलेली असत. एलन क्लॅपसॅडल ही न्यूयॉर्क राज्यात १८६५ मध्ये जन्मलेली चित्रकार त्यातली फार नावाजलेली. तिची काही कार्डं हलती आहेत. कार्डावर एक गोंडस मूल, त्याच्या हातात भोपळ्याचा मुखवटा. हात एका बारीक धातूच्या खिळीवर फिरतो. हात वर केला की मुखवटा चेहऱ्यावर येतो, खाली केला की मूल दिसतं. छायाचित्रातच पाहिलं मी ते, तरी बोट नकळत ती खिळी शोधत होतं. पहिल्या महायुद्धाने जर्मनीतून येणारी ही छपाई आटली. कार्ड पाठवायची हौस मात्र पुढे टिकली, कारण कार्डं आता लोकांनी घरी करायला घेतली होती असं त्या बाई मानतात. मला ते खरं वाटतं.

भोपळ्याचंही तसंच. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून आत दिवा ठेवत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलकडच्या अशा एका जुन्या कोरलेल्या सलगमाचा ठसा आहे. त्याचा फोटो पाहिला तर आजचा भोपळा अगदीच प्रेमळ वाटेल, इतका तो चेहरा सुरकुतलेला आणि भेसूर आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं दुष्काळाने देशोधडीला लागून इकडे आली, त्यांना इथे मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला. आणि ३१ ऑक्टोबर ही मुळात सगळ्या संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या; १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर सगळ्या मृतात्म्यांचा. आमच्या गावात ब्राझीलहून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांचा फिनादुस २ नोव्हेंबरलाच असतो, त्या दिवशी ती आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं नेतात. इतकी वर्षं या सगळ्यांच्या शेजारी राहून, वर्षाच्या उतरत्या उजेडात आपल्या गेलेल्यांना आठवायचा यांचाही काळ आहे का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतः महिनाभर आधी डेकवर पान ठेवत होते.

आणि नरकासुर. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आमच्या सावंतवाडीकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाडीवाडीतली मुलं नरकासुर बांधतात. बांबूचा सापळा, आत पेंढा, वर जुने कपडे आणि कागद. वाडीतल्या नरकासुराचा मुखवटा बाबा करायचे. मैद्याची खळ शिजवायची, रद्दी पेपरच्या पट्ट्या एकावर एक चिकटवत जायच्या, सुकल्या की काळा आणि लाल रंग, जाड पांढऱ्या कागदाचे दात, बाहेर आलेली जीभ. पेपर फाडून द्यायचं काम माझं. बाबा सांगायचे, कात्रीने कापू नको, हाताने फाड, फाटलेली कड नीट चिकटते. मला त्या तोंडाची भीती वाटायची आणि तरी दात लावायला मीच पुढे असायचे. पहाटे तो जाळायचा, मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे टाचेखाली कारेटं फोडायचं. हे सगळं मला मुखोद्गत होतं. एवढं असून मी भूत, राक्षस, कागद, मुलं आणि ऑक्टोबर हे सगळं एका ठिकाणी दिसल्यावर नाक मुरडत होते. माझ्या माणसांनी केलं तर परंपरा, शेजाऱ्याने केलं तर विकृती. या न्यायाने मी किती जणांना मोजलं असेल, कोण जाणे.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच तारखेला आले, ३१ ऑक्टोबर. भारतातली ती पहाट म्हणजे आमच्याकडे ३० तारखेची संध्याकाळ. भावाने वाडीतल्या नरकासुराचा व्हिडिओ पाठवला. आमच्या घरी दुखवट्याच्या वर्षाची शांतता होती, पण वाडी थांबली नव्हती. लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. मी तिला सांगितलं की आबा याचं तोंड करायचे. तिने पुन्हा पुन्हा लावून बघितलं आणि विचारलं की यंदा कुणी केलं. मला माहीत नव्हतं. मी भावाला विचारलं. त्याने लिहिलं, "मी केलं. दात वाकडे झाले."

नरकासुर आणि सांगाडा एकच, असं मात्र मी म्हणणार नाही. नरकासुर कुणाचा आजोबा नसतो. तो मरतो तेव्हा सगळे आनंद करतात. त्या टेबलावर जे झालं त्याला बाबांकडून मिळालेलं एवढंच होतं: कागदाच्या भीतीला हात लावायची सवय. ती सवय मी विसरले होते आणि माझ्या मुलीला द्यायची राहिली होती.

आईला आम्ही त्या ऑक्टोबरात कार्ड पाठवलं. इस्त्री केलेलं मेपलचं पान, वर लेकीच्या अक्षरात तारीख. सांगाडा पाठवायचा तिचा हट्ट होता, मी नको म्हटलं. फोनवर मात्र आईला सांगितलं की हिला अस्थींचं सगळं सांगितलं. घाबरतच सांगितलं. पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग आई म्हणाली, "सांगलंस मा तिका? बरां केलंस." नंतर तिने विचारलं, "आणि माका सांगशीत? तू थंय काय बघलंस?" तिने माझा चेहरा खाडीवर पाहिला होता. ती इतके दिवस मी बोलायची वाट बघत होती. मी आईला सांगितलं. ते कागदाशिवाय सांगावं लागलं आणि फार अवघड गेलं.

आता आम्ही सप्टेंबरपासूनच कागद काढतो. मराठी मंडळाच्या दिवाळीत मुलांसाठी एक टेबल मांडायचं मी सुचवलं: एका बाजूला आकाशकंदील, एका बाजूला नरकासुराचे मुखवटे आणि हलती कार्डं. एक आई म्हणाली, सणाच्या दिवशी मुलांना असलं काही कशाला दाखवायचं. तिचे वडील गेल्याच वर्षी गेले होते. मी वाद घातला नाही. तिला म्हटलं, तू आकाशकंदिलाच्या बाजूला बस, मला कामट्या बांधायला कुणीतरी हवंच आहे. ती बसली.

पुढच्या शरदात आई इथे येणार आहे. त्या पहिल्या सांगाड्याचा उजवा कोपर एव्हाना सुटला आहे, पण लेकीला तो दर्शनी खिडकीत लावायचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, आई इथे असेपर्यंत राहू दे, आपण मागच्या खोलीत लावू. पूर्वीची मी असते तर त्याच्याही आधी तो काढून ठेवला असता आणि आईला काही कळू दिलं नसतं. रविवारी फोन करीन तेव्हा आईलाच विचारणार आहे.